मथू, तुझ्या मापाच्या वहीचे शेवटचे पान

मथू,

काल तुझे दुसरे मासिक श्राद्ध झाले. पुन्हा चैत्र लागला आहे. मागच्या चैत्रात तू शिलाईयंत्रावर बसल्या बसल्या डाव्या हाताने पोट दाबलेस आणि उजव्या हाताने चाक फिरवत राहिलीस; मी ते पाहिले आणि पोथीचे पान उलटले.

मंदिरातील स्त्रीमंडळाने तुझ्यावर दोन पाने मागितली आहेत. तुझे छायाचित्र सभामंडपात लागणार आहे आणि त्याखाली ‘व्रतस्थ तपस्विनी’ असे लिहायचे ठरले आहे. आपल्या जऊळक्यात आजवर कोणा स्त्रीचे चित्र देवळात लागलेले नाही. मजकूर गुरुजींनीच द्यावा, कारण संकल्प त्यांनीच सांगितला होता, असा सर्वांचा आग्रह. आग्रह योग्य आहे. संकल्प मीच सांगितला होता.

तुझा जन्म, तुझे चौतिसाव्या वर्षी आलेले वैधव्य, माझ्या घरी येणे, माझी पत्नी गेल्यावर घर सांभाळणे, हे येथे लिहीत नाही. गावाला ते ठाऊक आहे. गावाला ठाऊक नाही तेवढेच लिहितो.

चैत्रात दुखणे सुरू झाले, ते बरगड्यांच्या खाली, मध्यभागी. मी तुला सुंठ दिली, ओवा दिला, हिंगाचे पाणी दिले. वैशाखात सलीमभाईंच्या औषधाच्या दुकानातून आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी आणली. ज्येष्ठात दुसरी. आषाढ लागताच मी तिसरी आणायला गेलो, तेव्हा त्या भल्या माणसाने पट्टी हातात धरून ठेवली.

“गुरुजी, कोनासाठी नेऊन राह्यले ह्या?”

“बहिणीसाठी. आम्लपित्त आहे.”

“तिसरा महिना लागला. पित्त काय मेहमान हाय का, आलं अन् राह्यलं? ही शेवटची देतो. चौथी मांगसान तं दुकान बंद करून घरी जाईन, पन देनार नाई. डाक्टरची चिठ्ठी आना.”

मी पट्टी घेतली आणि सलीमभाईंना आशीर्वाद दिला. माझे हे असेच असते. ऐकायचे नसले की मी आशीर्वाद देतो.

त्याच आठवड्यात आषाढी एकादशी आली. मी तुला म्हणालो, “मथू, जठराला विश्रांती हवी आहे. चातुर्मास्य आहेच. चार महिने एकभुक्त राहा. मध्यान्ही एकदाच जेवण. पोटही निवेल आणि पुण्यही लाभेल.” एका संकल्पात दोन कार्ये साधल्याचा मला किती आनंद झाला होता! तू टाचण्या दातांत धरून कोणाचा तरी ब्लाउज मापत होतीस. टाचण्या काढून म्हणालीस, “अन् तिसरं काम म्हंजे तुह्या घरचा एक टाइमचा सैपाक वाचला.” मी रागावलो. तू हसलीस, हात धुऊन पाटावर बसलीस, ओंजळीत पाणी घेतलेस, आणि मी म्हणवीन ते तंतोतंत म्हणालीस. उच्चार शुद्ध होते. इतर वेळी मी चाळीस वर्षे तुझी भाषा सुधारत राहिलो आणि तू चाळीस वर्षे ती तशीच ठेवलीस. त्या दिवशी मात्र एकही अक्षर घसरले नाही. मला वाटले, ही श्रद्धा. आज वाटते, तुला वेदना होत होत्या आणि तुला लवकर उठायचे होते.

श्रावणात तू वाळू लागलीस. येथे माझ्या हातून जे घडले ते, मथू, मी देवापुढे एकदा सांगितले आहे. आता माणसांपुढे सांगतो. मी प्रवचनात तुझा दृष्टान्त दिला. तू पुढच्या रांगेत बसली होतीस आणि मी हात करून म्हणालो की, पाहा, शरीर झिजते आहे आणि तेज वाढते आहे. पन्नास माथी तुझ्याकडे वळली. तुझ्या मुखावर जे होते ते तेज नव्हते, ती रक्त आटल्याची पांढुरकी कळा होती. तू पदर पुढे ओढलास. घरी आल्यावर म्हणालीस, “दादा, तेज वाढलं असन तं लाइटचं बटन बंद करू का?” मी म्हणालो, थट्टा व्रताला शोभत नाही.

आपल्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या वंदनाताईंनी मात्र तेज पाहिले नाही. सरकारी दवाखान्यात तीस वर्षे परिचारिका म्हणून काढलेली बाई. तुमचा दुपारचा चहा कुंपणावरून चालायचा. व्रतात तू चहा सोडलास तरी कुंपण सोडले नाहीस. एक दिवस त्या थेट ओसरीवर आल्या आणि उभ्यानेच बोलल्या.

“गुरुजी, मी तुमच्या देवाधर्मात येत नाई, तुमी माह्या बुद्धविहारात येत नाई. पन ह्या बाईचं पोट माह्या खात्यातलं हाय. पोटदुखी दोन हप्त्यांच्या वर राह्यली तं तपासावं लागते. इथं पाच महिने झाले. दोन घासांत पोट भरते तिचं. वजन उतरून राह्यलं. अन् संडास डांबरावानी काळी होते, ते सांगतलं का तिनं तुमाले?”

मला लाज वाटली. अशा विषयाची चर्चा ओसरीवर व्हावी याची लाज. बाकी कशाची नाही. मी म्हणालो, “मी तिला लोहाची पूड देतो आहे. लोहाने काळे होणारच.”

“पूड कवापासून?”

“श्रावणापासून.”

“अन् काळं आषाढापासून. मी इचारलं तिले. लोहाचं काळं येगळं, रक्ताचं काळं येगळं. ते चिकट राह्यते, त्याले वास राह्यते. आता गोळ्या नाई, पूड नाई. वाशीमले न्या, दुर्बीण टाकून पोट पाहा. ह्या वयात तं एक दिवस थांबू नये.”

“चातुर्मास्य संपले की नेतो.”

वंदनाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग तुझ्याकडे वळून म्हणाल्या, “मथुराबाई, तुमी चला माह्यासंग. उद्या. सकायच्या गाडीनं.” तू सुईत दोरा ओवत होतीस. दोरा काही केल्या जात नव्हता. तू म्हणालीस, “दादाले इचारून सांगतो.”

आणि तू खरोखर विचारलेस. हेच ते, मथू. बाकी सारे मी कदाचित अज्ञानावर ढकलू शकलो असतो. पण भाद्रपदात, ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, मी संध्या आटोपून उठत होतो आणि तू दाराच्या चौकटीला टेकून उभी होतीस.

“दादा, संकल्प सोडू का?”

मी आसनाची घडी घालत राहिलो.

“जेवलं तं पोटात सुरी फिरते. नाई जेवलं तं आग. वंदना म्हनते, जाऊन येऊ. तू म्हन फक्त, सोड म्हनून. मंग मले काई पाप नाई लागनार ना?”

मला काय ठाऊक होते ते लिहितो. व्रताला बाधा न आणणाऱ्या आठ गोष्टी शास्त्राने सांगितल्या आहेत. त्यांत औषध आहे. त्यांत वडीलधाऱ्याचा शब्दही आहे. मी हे विद्यार्थ्यांना शिकवले आहे, त्यांच्याकडून पाठ करून घेतले आहे, चुकले तर पुन्हा म्हणवले आहे. तुला हवे असलेले औषध आणि तुला हवा असलेला शब्द, दोन्ही त्या आठांत होते. आतुराला, म्हणजे आजाऱ्याला, व्रताचे बंधन नाही, हेही मला ठाऊक होते. मी अज्ञानी नव्हतो.

मी म्हणालो, “दोनच महिने तर राहिले, मथू.”

का म्हणालो? कारण पन्नास माथी तुझ्याकडे वळली होती, आणि ती तुझ्याकडे वळताना माझ्याकडेही वळली होती.

तू चौकटीवरचा हात काढलास. मग म्हणालीस, “एक सांग. देवाले उपाशी मानसंच काहून आवडतात?” मी म्हणालो, चातुर्मास्यानंतर सांगेन. तू म्हणालीस, “बरं. लिहून ठेव कुठंतरी, इसरशील.” आणि आत जाऊन यंत्रावर बसलीस.

तो वाद आपला तेथेच राहिला आहे. मी लिहून ठेवले नव्हते, तरी विसरलो नाही. उत्तरही सापडलेले नाही. ग्रंथ शोधले. देवाला उपाशी माणसे आवडतात असे कोठेही लिहिलेले नाही; ती कोणाला आवडतात, ते मला आता कळले आहे.

कार्तिकी एकादशी झाली, द्वादशीला व्रताची सांगता झाली. स्त्रियांनी तुला चौरंगावर बसवले, तुझे पाय धुतले आणि ते पाणी तीर्थ म्हणून घेतले. एक जण म्हणाली, “किती हलकी झाली बाई, पाय उचलला तं फूल!” तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, “मेल्यावर धुतात ते आताच धुतले. तेवढं काम कमी झालं.” पारण्याला मी वांग्याचे भरीत करवले होते. चार महिने वांगे वर्ज्य, आणि तुला ते प्राणाहून प्रिय. चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेले, वरून कच्चे तेल. तू एक घास खाल्लास. दुसरा तोंडात धरलास, गिळता येईना. उठून मोरीवर गेलीस. जे उलटून पडले ते चहाच्या चोथ्यासारखे होते. मी दारातून पाहिले. बाहेर मंडळी अजून तीर्थ घेत होती.

मग आपण वाशीमला गेलो. वंदनाताई सोबत होत्या. दवाखान्यात सांगितले, उद्या उपाशीपोटी या, दुर्बीण टाकायची आहे. तू त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणालीस, “त्याची चिंता नको बाई. आमच्या घरी तोच नेम हाय.” मुलगी हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी आपल्याला आत बोलावले. तरुण होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी विचारले, “आजी, किती दिवसांपासून दुखतंय?”

“चैत्रापासून.”

“म्हणजे आठ महिने. मग इतके दिवस का थांबलात?”

मी तोंड उघडणार होतो, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. खरे असेल किंवा नसेल. तू माझ्या आधी बोललीस.

“टाइमच भेटला नाई, डाक्टरबाई. लगनसराई झाली, मंग राख्या, मंग दसरा-दिवाळी. ब्लाउजाची लाइन लागली होती. मानसं म्हनतात आजच द्या.”

वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. डॉक्टरबाई तुला रागावल्या, प्रेमानेच, पण रागावल्या. स्वतःच्या जिवापेक्षा ब्लाउज मोठे का, म्हणाल्या. जेवण उतरत नाही, वजन घटते, काळी संडास होते, उलटीत रक्त येते, यातले एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी यायचे असते. लक्षण नसले तरी दोन आठवडे दुखत राहिले तर यायचे असते. हे सगळ्या बायकांना जाऊन सांगा, म्हणाल्या. तू मान खाली घालून ऐकत होतीस. शिक्षकाने उभे केलेल्या मुलीसारखी.

आणि मथू, मी मान डोलावत होतो. डॉक्टरबाईंच्या प्रत्येक वाक्याला. जणू मीही तुला हेच सांगत आलो होतो आणि तू ऐकले नाहीस.

तू ते पाहिलेस. तिरप्या नजरेने पाहिलेस आणि पुन्हा खाली पाहिलेस. त्यानंतरच्या पावणेतीन महिन्यांत तू मला त्याविषयी एक शब्दही विचारला नाहीस. हे माझे सर्वांत मोठे प्रायश्चित्त ठरले. तुला ते ठाऊक असावे. तू मनाने फार दयाळू होतीस असे स्त्रीमंडळ म्हणते. मला खात्री नाही.

जठरात कर्करोग निघाला, तुला अकोल्याला नेले. तेथल्या मोठ्या डॉक्टरांना मी एकट्याने भेटून विचारले होते, चैत्रात आणले असते तर? ते म्हणाले, नक्की वाचल्या असत्या असे मी म्हणणार नाही. पण तेव्हा करण्यासारखे काही असते, आता नाही. मी त्यांचे आभार मानले. ‘वाचल्याच नसत्या’ म्हणून त्यांनी ते दार पुरते लावले असते तर मी त्याला टेकून बसलो असतो. त्यांनी ते अर्धे उघडे ठेवले.

माघात तू गेलीस. दुपारी, वंदनाताईंच्या हातून चमचाभर पाणी घेऊन. मी गंगाजल आणायला देवघरात गेलो होतो.

तेरावे झाले. त्यानंतर तुझे यंत्र झाकताना खणात तुझी मापाची वही मिळाली. गावातील प्रत्येक बाईचे नाव, त्याखाली छाती, कंबर, बाही, आणि तुझ्या खुणा. मी चाळत होतो, तो एका पानावर तुझेच नाव दिसले: ‘मथुरा, सोता’. चैत्र, अडतीस. ज्येष्ठ, सदतीस. श्रावण, पस्तीस. भाद्रपद, तेहतीस, त्याखाली रेघ. आश्विन, एकतीस. कार्तिक, एकोणतीस. मी ज्याला तेज म्हणत होतो ते तू फितीने मोजत होतीस. तुला कळले होते. चौकटीला टेकून विचारलेस त्या दिवसाखाली रेघ होती.

आणि शेवटच्या लिहिलेल्या पानावर पार्वतीबाईंचे नाव. मळ्यातल्या, प्रवचनाला नेमाने येणाऱ्या, तुझे पाय धुणाऱ्यांत पहिल्या. चौतीस, मग तेहतीस, मग एकतीस. ‘दोनदा शिलाई आत घेतली.’ त्यापुढे, अक्षर वाकडे झालेले, ‘हिचंही पोट दुखते. वंदनाले दाखवनं.’ ते राहून गेले. तुला वेळ मिळाला नाही. या वेळी ते खरे होते.

दुसऱ्याच सकाळी पार्वतीबाई ताम्हन घेऊन दारात उभ्या. “गुरुजी, मथुराबाईचं व्रत आता मी चालवतो. आजपासूनच एकभुक्त. मलेबी त्यायच्यावानीच दुखते इथं. त्यायच्या पुन्याईनं बरं होईल. संकल्प सांगा.”

त्यांनी तुझ्या तसबिरीपुढे पाट मांडला, बसल्या, ओंजळीत पाणी घेतले आणि माझ्याकडे पाहिले. मथू, ते पाणी बोटांतून गळत होते. मंत्र माझ्या जिभेवर आपोआप आला. पन्नास वर्षांची सवय. पहिला शब्द उच्चारलाही. मग मला ‘दोनदा शिलाई आत घेतली’ हे आठवले.

मी म्हणालो, “सोड.”

“काय?”

“पाणी सोड. संकल्प नाही. जेव, आणि वंदनाताईंबरोबर वाशीमला जा. आज.”

“गुरुजी, मथुराबाईनं तं निभावलं.”

“मथुराबाईने निभावले नाही. तिने मला विचारले होते, सोडू का. मी सोडू दिले नाही. म्हणून ती तेथे आहे,” मी तसबिरीकडे हात केला, “आणि तू येथे आहेस.”

पार्वतीबाई रडू लागल्या. त्यांना वाटले, मी शोकाने भ्रमिष्ट झालो. पण वंदनाताईंना मी भिंतीवरून हाक मारली होती. त्या तोवर चपला घालून आल्याही होत्या. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

दुर्बीण टाकली. पोटात जखम निघाली आणि जखमेत जंतू. तुकडा काढून तपासला. वाईट काही नाही. चौदा दिवसांच्या गोळ्या, मग पुढचे औषध आणि पुन्हा तपासणी. चौदा दिवस, मथू. तू एकशे वीस दिवस उपाशी राहिलीस.

परवा त्या आल्या होत्या. चेहरा भरला आहे. वांग्याचे भरीत घेऊन आल्या, निखाऱ्यावर भाजलेले, वरून कच्चे तेल. माझ्या पायांवर डोके ठेवून म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्या शब्दानं वाचलो मी.”

तुझा शब्द होता तो. तू भाद्रपदात मागितला होतास, आणि मी तो माघापर्यंत जपून ठेवला, आणि दुसरीला दिला. मी पाय ओढून घेतले नाहीत. मी आशीर्वाद दिला. ते भरीत मी खाल्ले. गोड लागले, हेही लिहितो.

मंडळाकडे हा लेख उद्या जाईल. त्यांना तो रुचणार नाही. छायाचित्र कदाचित लागणारच नाही, आणि गावाने तुला दिलेला एकुलता एक मान माझ्या हातून हिरावला जाईल. तू म्हणाली असतीस, “अजून काई राह्यलं का घ्याचं, दादा?” राहिले होते, मथू. खोटे राहिले होते. तेही घेतो. पुढच्या आषाढीला येथे अनेक ओंजळी पुढे येतील, आणि त्यांतल्या एखादीचे पोट दुखत असेल.

छायाचित्राखालची ओळ मी बदलून दिली आहे.

मथुरा. चैत्रापासून पोट दुखत होते. भाद्रपदात विचारले होते.